पुढच्या दारासमोर गाडी

शनिवार-रविवारी चार्ल्सटन बघायला येणाऱ्या पाहुण्यांवर माझं पोट चालतं, तरी ते दिसले की माझं डोकं फिरतं. त्यांना सगळं हवं असतं, तेही आत्ताच्या आत्ता. मिस ओडेसा शनिवारी सकाळी माझ्या बग्गीत चढल्या तेव्हा मला वाटलं, आली आणखी एक.

डोक्यावर चर्चला घालतात तशी जांभळी टोपी, मांडीवर उकडलेल्या शेंगांची पिशवी. टेकल्या टेकल्या त्यांनी हुकूम सोडला, "खाली बंदराकडे वेअर लोकांचं घर आहे. त्याच्या पुढच्या दारासमोर थांबव."

"कुठे जायचं ते मी नाही ठरवत. चेंडू ठरवतो."

आमच्याकडे तसंच आहे. तबेल्यातून निघालं की नाक्यावर नगरपालिकेची टवाना बसलेली असते. ती पिंप फिरवते, त्यातून रंगीत चेंडू पडतो, आणि ज्या रंगाचा चेंडू त्या भागात बग्गी न्यायची. बंदराकडचा भाग पांढऱ्याचा. आमच्या वाट्याला लाल आला.

"पुन्हा फिरव की गं," मिस ओडेसा म्हणाल्या.

"माझी नोकरी घालवता का मावशी?" टवाना म्हणाली.

लाल भागात मी काय काय दाखवलं ते त्यांनी पाहिलंच नाही. शेंगा सोलत मला सांगत राहिल्या. त्यांची आजी, हेस्टर ग्रँट, वेअर लोकांकडे स्वयंपाकाला होती. तरुणपणी लागली ती पार म्हातारी होईपर्यंत. रोज मागच्या गल्लीतल्या फाटकातून आत आणि त्याच फाटकातून बाहेर. मेजवानीला पाहुण्यांच्या बग्ग्या पुढच्या दारासमोर थांबायच्या, त्या ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. म्हणायची, एकदा तरी त्या दारासमोर माझ्यासाठी बग्गी थांबेल. पुढे आजीचं घरदार फिलाडेल्फियाला गेलं. आजी तिथेच वारली.

"मग टॅक्सीने जा. चालत जा," मी म्हणालो.

"तुला ऐकू कमी येतं का रे लायनेल? आजी बग्गी म्हणाली होती."

"बरं, पांढरा आला तरी तिथे थांबता येत नाही. आताच्या मालकाने तक्रारी करून करून त्या गल्लीत बग्ग्या थांबवायची बंदी करून घेतलीय."

"ते मग बघू. आधी चेंडू येऊ दे."

त्या दिवशी त्या पुन्हा आल्या. हिरवा. संध्याकाळी पुन्हा लाल. एव्हाना मलाच त्या पिंपाचा राग यायला लागला होता. रविवारी चर्च आटोपून त्या हजर. चेंडू पुन्हा चुकीचाच. संध्याकाळी त्यांची बस होती, आणि माझी एकच फेरी उरली होती. त्या बग्गीतल्या बाकावर बसून राहिल्या. "मी हलणार नाही," एवढंच म्हणाल्या.

मग मीही ठरवलं. निघण्याआधी आम्ही खेचराला तबेल्यातच शीळ घालतो. लहानपणापासून तशी सवय लावलेली असते, शीळ ऐकली की ते लघवी करून मोकळं होतं. रस्त्यात झालंच तर बंदी असली तरी थांबावंच लागतं, त्या जागी झेंडी टाकायची, मग धुणारी गाडी येते. मी माझ्या खेचराला, जेरेमायाला, बादलीभर पाणी पाजलं आणि शीळ न घालता तोंड गच्च मिटून घेतलं.

टवानाने पिंप फिरवलं. पांढरा पडला. तिने मिस ओडेसांकडे बघून मान हलवली.

मागे ओहायोचं एक कुटुंब बसलं होतं. त्यांना मी काय सांगितलं, देव जाणे. माझं सगळं लक्ष जेरेमायाच्या कानांकडे होतं. गल्लीत वळलो, पांढऱ्या खांबांचं ते घर आलं, पुढचं दार बरोबर समोर आलं, आणि मी शीळ घातली. खेचर चालतच राहिलं. मी ओठ ओले केले. पुन्हा घातली. जेरेमाया थांबलं, पाय फाकवले आणि सुरू झालं.

मालक ओसरीवर आला. "इथे थांबायला बंदी आहे, माहीत नाही?"

"साहेब, मी थांबवलं नाही. त्याला लागली," मी म्हणालो.

मिस ओडेसांनी टोपी सारखी केली. "मी हेस्टर ग्रँटची नात," त्या शांतपणे म्हणाल्या. "तिने या घरात जन्मभर रांधलं. मी उतरणार नाही. तुमच्या पुढच्या दारासमोर बग्गी थांबायला हवी होती, ती थांबली."

  मी झेंडी मिस ओडेसांच्या हातात दिली. त्यांनी ती वाकून अगदी पायऱ्यांसमोर टाकली.

जेरेमायाचं कधीच उरकलं होतं. मी लगाम हलवला नाही. माझ्याच्याने हलवेना.

"हाक आता," मिस ओडेसा डोळे पुसत म्हणाल्या. "बग्ग्या दारात रेंगाळल्या की सूप गार व्हायचं. फार चिडायची आजी."