चकतीचे कोरडे वजन

पाच किलो, सहाशे एक्केचाळीस ग्रॅम. मास्तरांनी गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाची ब्रेकची चकती उचलली, काट्यावरचा आकडा शून्यावर येऊ दिला आणि ती पुन्हा ठेवली. पुन्हा तेच. मग चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी चकतीच्या मधल्या धातूच्या टोपीवर कोरलेली बारीक अक्षरे नाकाजवळ नेऊन वाचली. किमान वजन पाच किलो सहाशे तीस.

"अकरा ग्रॅम वर," ते म्हणाले. "पास."

"काठावर पास," शेजारच्या गाडीखालून कोर्सवाला म्हणाला.

"काठावर तर काठावर. आमच्या वेळी तेवढ्यावर लोकांना नोकऱ्या लागल्या."

गाडीखालून हसू ऐकू आले. कोर्सवाला पस्तिशीचा, मितभाषी कारागीर होता. कंपनीच्या तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाला जाऊन आल्यापासून वर्कशॉपमध्ये त्याला हेच नाव पडले होते.

एकतीस वर्षे मास्तरांनी ब्रेकची कामे केली होती. लोखंडी चकतीच्या कडेवरून अंगठ्याचे नख फिरवले की ती किती झिजली, हे ते मापाआधीच सांगत. ही कार्बन-सिरॅमिकची करडी, ठिपकेदार चकती मात्र त्यांना पहिल्यापासून कोड्यात टाकत आली होती. ही फारशी पातळ होत नसे. शर्यतीच्या ट्रॅकवर ती तापून लाल झाली की तिच्यातला कार्बन थोडाथोडा जळून जाई. वाळवीने पोखरलेल्या चौकटीसारखी ती बाहेरून धडधाकट दिसे आणि आतून रिती होत जाई. म्हणून तिचे वजन करायचे. गाडी थांबेल की नाही, हे काट्यावर तोलून ठरवायचे, याचे त्यांना अजूनही नवल वाटे.

या चकतीवर आणखीही काही ठरायचे होते. वर्कशॉप आता जुन्या मालकांची मुलगी चालवत होती. आठवड्यापूर्वी तिने त्यांना केबिनमध्ये बोलावून, खुर्ची पुढे करून सांगितले होते, "काका, एक तारखेपासून ट्रॅकच्या गाड्या कोर्सवाल्याकडे देऊ या का? तुम्ही रोजच्या गाड्या बघा. या गाड्यांचं तंत्रच वेगळं आहे." मास्तर म्हणाले होते, "डॉक्टरांची गाडी येतेय ना ताई? ती एक मला करू दे. मग ठरव." ताईने मान डोलावली होती.

डॉक्टर डोळ्यांच्या शस्त्रक्रिया करत. पन्नाशीच्या या बाई महिन्यातून एका रविवारी ट्रॅकवर जाऊन भन्नाट गाडी चालवत. उद्या रविवार होता. मास्तरांनी चाके बसवली, गाडीच्या कामाच्या कार्डावर वजन लिहून सही केली. ताईने कार्डाचा फोटो डॉक्टरांना पाठवला आणि मास्तर जेवायला घरी गेले.

त्यांची पत्नी कॉलेजच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होती. शनिवारी तिचा अर्धा दिवस असे. ताटावर बसल्या बसल्या त्यांनी तिला चकतीची हकीकत सांगितली.

"म्हणजे आतून भोकं भोकं पडत जातात?" तिने विचारले.

"पडतात. डोळ्यांना दिसत नाहीत, एवढंच."

"आणि तोलण्याआधी काय केलंत तिचं?"

"काय करणार? धुतली. गरम पाणी, ब्रश, मग हवा मारली. घाणीवर माप घ्यायचं नसतं."

"वाळवली?"

"अगं, हवा मारली म्हणतोय ना!"

"अहो, हवेनं वरचं पाणी जातं. भोकांतलं कसं जाईल? आमच्याकडे विटेचा तुकडा तोलायचा असला तरी आधी ओव्हनमध्ये ठेवतात. काढायचा, निववायचा, तोलायचा, परत ठेवायचा. लागोपाठ दोनदा तोच आकडा आला, की कोरडा समजायचा."

मास्तरांचा हात ताटातच राहिला. धुतल्याशिवाय मोजायचे नाही, हा त्यांचाच नियम. तीन पिढ्यांच्या कारागिरांना त्यांनी तो दटावून शिकवला होता.

"किती पाणी मावत असेल?" त्यांनी विचारले. त्यांना उत्तर खरोखरच हवे होते.

"ते चकतीलाच विचारा. मी काय सांगू? आणि भात संपवून उठा."

भात संपला नाही.

वर्कशॉपमध्ये परतताच त्यांनी गाडी लिफ्टवर चढवली. चाकाचे बोल्ट काढून त्यांच्या जागी दोन लांब आटेदार सळ्या बसवल्या आणि चाक त्यांच्यावरून हळूच सरकवत बाहेर घेतले. चाकाची कड नुसती आपटली तरी या चकतीचा टवका उडतो. केबिनमधून ताई लगबगीने बाहेर आली.

"काका, हे काय? पाचला डॉक्टर येतायत!"

"ओली तोलली मी. वाळवून परत तोलायला हवी."

"ओली? मी पाहिली ना, कोरडी ठणठणीत होती."

"वरून."

ताईने आवाज खाली आणला. "अहो, फोटो गेलाय त्यांना. आता काय सांगायचं, आमच्या मास्तरांचं चुकलं?"

"चुकलंच असेल तर तेच सांगायचं."

तिने घड्याळाकडे पाहिले. मग म्हणाली, "रंगाच्या भट्टीत जागा आहे. साठ डिग्रीच्या वर नेऊ नका, रंगवलेला एक दरवाजा सुकतोय आत."

रंग भाजायच्या खोलीत मास्तरांनी पुढच्या दोन्ही चकत्या लाकडी ठोकळ्यांवर ठेवल्या. दर अर्ध्या तासाने ते हातमोजे घालून आत जात, चकत्या बाहेर आणत, पंख्याखाली निववत, तोलत आणि जुन्या पावतीच्या पाठीवर आकडा लिहीत. डावीचे आकडे उतरत होते. सहाशे बावीस. सहाशे नऊ. पहिल्याच आकड्याला ती किमान वजनाच्या खाली गेली होती. तिथेच थांबले असते तरी चालले असते. पण मास्तर थांबले नाहीत. एवढ्याशा भोकांनी किती पाणी धरून ठेवले आहे, हे त्यांना शेवटपर्यंत पाहायचे होते. कोर्सवालाही हातातले काम सोडून काट्याशी येऊन उभा राहिला.

"सहाशे," तो म्हणाला.

"आता कमी उतरेल बघ. आतलं संपत आलं."

पाचशे अठ्ठ्याण्णव. पुन्हा अर्ध्या तासाने पाचशे अठ्ठ्याण्णव.

"त्रेचाळीस ग्रॅम पाणी," मास्तर म्हणाले. "अर्धा कप चहा प्यायली की रे ही!" उजवीला सकाळी साठ ग्रॅमची सवड होती, ती सतरावर आली. डावी बत्तीस ग्रॅमनी नापास झाली होती.

कोर्सवाला घुटमळला. "मास्तर, कोर्समध्ये सांगितलं होतं हे. वाळवून तोलायचं."

"मग सकाळी बोलला का नाहीस?"

"तुम्हाला?" तो जमिनीकडे पाहत म्हणाला. "मला वाटलं, तुम्ही वाळवलीच असणार."

मास्तरांना त्याचा राग यायला हवा होता. पण मास्तरांचे चुकत नसते, असे समजायला या माणसाला आपणच शिकवले, हे त्यांना त्याच्या मान खाली घालण्यात दिसले. "पुन्हा असं दिसलं, तर ओरडून सांग," एवढेच ते म्हणाले.

डॉक्टर पाचला आल्या, त्या हसतच. "काय मास्तर, उद्या थांबणार ना माझी गाडी?"

"मॅडम, सकाळी मी पास लिहिलं ते चूक होतं. चकती ओली होती. कोरडी तोलल्यावर बत्तीस ग्रॅम कमी भरली."

डॉक्टरांनी पावतीच्या पाठीवरचे आकडे वरपासून खालपर्यंत दोनदा वाचले. "बत्तीस ग्रॅमनं काय होतं? अगदी खरं सांगा."

"उद्या कदाचित काहीच होणार नाही. एकदा थांबेल, दहादा थांबेल. अकराव्यांदा थांबेल का, ते मला सांगता येत नाही. लोखंडी चकत्या बसवू, ट्रॅकला त्याच बऱ्या. पण यायला आठवडा लागेल."

"महिनाभर वाट पाहिली हो या रविवारची," त्या म्हणाल्या. मग खिन्न हसल्या. "पेशंटना मी रोज असंच सांगते, खात्री देत नाही म्हणून. ऐकायला किती वाईट लागतं, ते आज कळलं." दाराशी जाऊन त्या वळल्या. "तुम्ही ट्रॅक पाहिलाय कधी?"

"नाही. गाड्या तिकडून येतात, तेवढीच ओळख."

"उद्या सातला या. गाड्या सुटायच्या आधी तासभर ट्रॅकवर पायी फिरू देतात. माझं नाव नोंदलेलंच आहे. वहिनींनाही आणा."

त्या गेल्यावर मास्तरांनी कार्डावरचा सकाळचा आकडा एका रेघेने खोडला, खाली नवा लिहिला आणि पुन्हा सही केली. चाक काढायच्या दोन लांब सळ्या पुसून त्यांनी कोर्सवाल्याच्या ट्रॉलीत ठेवल्या. ताई केबिनच्या काचेतून पाहत होती. "काका, ट्रॅकच्या गाड्या एक तारखेपर्यंत तरी राहू द्या ना तुमच्याकडेच," ती बाहेर येऊन म्हणाली.

"नको. आणि लोखंडी चकत्याही त्यालाच बसवू दे," मास्तर म्हणाले. "तो वाळवून तोलतो."

रविवारी सकाळी ट्रॅकवर पंधरा-वीस माणसे रेंगाळत चालली होती; त्यांत डॉक्टर, मास्तर आणि त्यांची पत्नीही होती. रस्ता मास्तरांना वाटला होता त्याहून खूप रुंद होता आणि कमालीचा शांत. लांबलचक सरळ पट्ट्याच्या शेवटी काठावर वळण किती मीटरवर आहे ते सांगणाऱ्या दोनशे, दीडशे, शंभर अशा पाट्या होत्या. शंभराच्या पाटीपासून डांबरावर टायरांचे काळे पट्टे उमटलेले होते.

"इथं दाबता पाय?" मास्तरांनी विचारले.

"इथंच. त्याच्या आधी दाबला तर मागचे हसतात."

"आणि वळणापर्यंत किती वेळ?"

"अडीच-तीन सेकंद."

मास्तर पाटीशी गेले. टाचा तिच्या रेषेत जुळवल्या आणि वळणाकडे चालू लागले, सावकाश, एकेक पाऊल मोजत. मागून शिट्टी झाली. ट्रॅक मोकळा करायची वेळ झाली होती आणि बाकीची माणसे कुंपणाकडे वळत होती. डॉक्टरांनी झेंडेवाल्याला हात वर करून थांबायची खूण केली.

मास्तरांची पत्नी त्यांच्या जोडीने चालत होती. आकडा चुकू नये म्हणून ती बोलत नव्हती.

वळणाच्या तोंडाशी एकशे बेचाळीस पावले झाली. मास्तर वळले. शंभराची पाटी तिथून अगदी लहान दिसत होती. काळ्या पट्ट्यांवर उभे राहून ते तिच्याकडे पाहत राहिले. झेंडेवाल्याने झेंडा गुंडाळून काखेत धरला आणि तोही थांबून राहिला.