एकाच बाजूची कॅसेट

कॅसेटकाकांना गल्लीत दुसरं नाव नव्हतं. असलंच तर ते फक्त विजेच्या बिलावर. लाँड्रीच्या वरच्या खोलीत बसून लोकांच्या जुन्या कॅसेटी आणि तबकड्या कॉम्प्युटरमध्ये उतरवून द्यायच्या, हे त्यांचं काम. माणूस सरळ, पण भिडस्त. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते काही उगीच नाही.

एकदा त्यांच्याकडे एका मायलेकींचं काम आलं. आधी फोन आला होता तो मुलीचा. ती नर्स होती. "काका, बाबा गेले तेव्हा मी पाच महिन्यांची होते. त्यांचा आवाज मी ऐकलेलाच नाही. एक कॅसेट आहे, त्यांनी कामाच्या ठिकाणाहून आईला पाठवलेली. ती घरी पोचली त्याच्या आदल्या दिवशी त्यांच्या अपघाताची तार आली. आईने ती कधी लावलीच नाही. आधी धीर झाला नाही, मग घरात लावायला यंत्र उरलं नाही. आणि हल्ली तिला सकाळचं दुपारी आठवत नाही. म्हणून घाई."

मंगळवारी सकाळी आई एकटीच आली. मुलीला ड्युटी होती. कॅसेट तिने रुमालात बांधून आणली होती. काकांनी उघडून पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. फितीवरचा तपकिरी लेप बोट लावलं तरी निघत होता.

"ताई, ही एकदाच वाजेल," ते म्हणाले. "वाजता वाजताच लेप झडून जाईल. पण काळजी करू नका, त्याच वेळी आपण उतरवून घेतोय. मुलीला येऊ द्यायचं का?"

"चव्वेचाळीस वर्षं थांबले, भाऊ. आता नाही थांबवत."

फाईल तर होणारच आहे, मुलगी नंतर शंभरदा ऐकेल, असा विचार करून काकांनी मान डोलावली. कॅसेट प्लेयरला दोन हेडफोन जोडले, एक तिला, एक स्वतःला. कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि मग फीत सोडली. खरखर झाली आणि तिच्यातून एक तरुण आवाज आला, "अगं, ऐकतेस ना?"

काकांनी लगेच आपला हेडफोन काढून ठेवला. नवराबायकोचं बोलणं, आपण कशाला कान लावायचे? ते खिडकीकडे तोंड करून बसले. अधूनमधून वळून स्क्रीनकडे पाहत होते. आवाज दाखवणाऱ्या हिरव्या पट्ट्या छान नाचत होत्या. मागे ती बाई हसत होती, मधेच लाजत होती, सत्तरीच्या तोंडून विशीतलं "अहो!" निघत होतं. काकांना भरून आलं. इतक्या वर्षांत या खोलीत इतकं चांगलं काम झालं नाही, असंच त्यांना वाटलं. बावीस मिनिटांनी फीत संपली. ती डोळे पुसून म्हणाली, "तसेच बोलतात हो अजून," आणि रुमाल विसरून निघाली. काकांनी जिन्यापर्यंत धावत जाऊन तो दिला.

दुपारी ते फाईलमधली खरखर काढायला बसले, तर काढायला खरखरच नव्हती. इतकी कुजकी फीत आणि एवढा स्वच्छ आवाज? मग खालच्या लाँड्रीतल्या इस्त्रीची वाफ ऐकू आली, स्वतःच्या खुर्चीची करकर ऐकू आली, आणि मग ती बाई. "अहो, काहीतरीच!"

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. सकाळी याच कॉम्प्युटरवरून ते बहिणीशी व्हिडिओवर बोलले होते. तेव्हापासून मशीन प्लेयरकडून आलेल्या वायरीऐवजी आपल्या अंगच्या माइकमधूनच ऐकत होतं. बावीस मिनिटं त्याने खोली उतरवून घेतली होती. पट्ट्या नाचत होत्या त्या तिच्या आवाजावर. आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं, तशी गत. त्यांनी फीत पुन्हा लावली. प्लॅस्टिक पारदर्शक झालं होतं, हेडवर तपकिरी भुकटी साचली होती आणि कानात नुसता वारा. खोटं काय सांगता येईल, याचा त्यांनी संध्याकाळपर्यंत विचार केला. दोन-तीन कारणं सुचलीही. पण एकही तोंडातून निघेल असं वाटेना.

दुसऱ्या दिवशी मायलेकी आल्या. काकांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. मुलगी टेबलाजवळ आली.

"तुम्ही तरी ऐकलं असेल ना?"

"पहिलं वाक्य. 'अगं, ऐकतेस ना?' एवढंच. मग मी कानावरचं काढलं. मला वाटलं, तुमचं खासगी..."

"एवढंच?"

"एवढंच."

"अगं, त्यांच्यावर कशाला चिडतेस?" आई म्हणाली. "मी ऐकलंय ना सगळं. मी सांगते." ती सावरून बसली. "आधी ते म्हणाले... तिकडे थंडी फार आहे. की पाऊस म्हणाले? मग तुझं विचारलं. मग..." ती थांबली. तिने काकांकडे पाहिलं, मग मुलीकडे. "कालच ऐकलंय गं."

"जे आहे ते लावा," मुलगी म्हणाली.

काकांनी फाईल लावली. खोलीत आईचा आवाज भरला. "हो, ऐकतेय... नाही हो, अजून एकही दात नाही..." चव्वेचाळीस वर्षांच्या मुलीने ओठ घट्ट मिटून घेतले. मग लांबलचक शांतता. त्या शांततेत तो बोलत असणार, आणि तिथे फक्त इस्त्रीची वाफ होती. मग पुन्हा आई, एकदम हळू, "असं नका बोलू." पुन्हा शांतता, या वेळी फारच मोठी. आणि शेवटी रडवेला, पण ठाम आवाज. "हो. सांगेन तिला. मोठी झाली की नक्की सांगेन. शब्द देते."

मुलगी आईसमोर खाली बसली. "आई, काय सांगायचं होतं मला?"

आई स्पीकरकडे बघत होती. "पुन्हा लावा," ती म्हणाली. काकांनी लावलं. "पुन्हा." काकांनी पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा "शब्द देते" ऐकल्यावर तिने मुलीचा हात धरला.

"काय गं सांगणार होते मी तुला?" तिने मुलीलाच विचारलं.