मायलेकीचे दिवस

नलूच्या पोटरीत पुन्हा गोळा आला, तशी सुखीबाई चुलीपुढून उठून धावली. लेकीच्या पायाचा अंगठा तिनं वर दाबून धरला, दुसऱ्या हातानं पोटरी चोळली आणि गोळा उतरेपर्यंत तशीच उकिडवी बसून राहिली. बसल्या बसल्या तिच्या छातीत जळजळ उसळली, आंबट पाणी घशाशी आलं. ते तिनं तसंच गिळलं. नलू डोळे मिटून कण्हत होती. तिला काही दिसलं नाही.

पहिलटकरीण नलू आठव्या महिन्यात माहेरी आली होती. आणि तिची माय सहावा महिना लुगड्याच्या गाठीखाली दडवून तिची सेवा करत होती.

सुखीबाईचं वय चाळिशीला टेकलेलं. नलूच्या पाठीवर दोन मुलं झाली, दोन्ही वर्षाच्या आत गेली, आणि त्यालाही दहा वर्षं लोटली होती. आषाढात पाळी चुकली तेव्हा तिला वाटलं, सुटले एकदाची, वय झालं. अंग जड व्हायला लागलं तेही तिनं वयावरच घातलं. दसऱ्याच्या आगेमागे जात्यावर बसली असताना पोटात काहीतरी फडफडलं आणि तिचा हात खुंट्यावरच थांबला. ती फडफड ओळखायला तिला कुणी सांगावं लागत नव्हतं.

नवऱ्याला, डोमाजीला, तिनं चार दिवसांनी सांगितलं. डोमाजी मजुरीच करायचा, पण धम्म घेतल्यापासून वस्तीत त्याच्या शब्दाला वजन आलं होतं. पौर्णिमेला वंदना तोच घेई, भांडणतंटा त्याच्याच ओसरीवर मिटे. ऐकून तो बराच वेळ पायाच्या बोटानं जमीन उकरत राहिला. मग म्हणाला, "जावई दारात अन् सासू बाळंतीण. चार लोकाईत मी तोंड कसं दाखवू?" तो रागावला नाही, की त्यानं तिच्यावर हात उगारला नाही. त्या दिवसापासून तो तिच्याकडे पाहीनासा झाला, एवढंच.

सुखीबाई मग मोतीबाई सुइणीकडे गेली. काही मुळीबिळी असेल तर दे म्हणून तिनं तिचे पाय धरले. मोतीबाईनं तिला निजवून पोट चाचपलं आणि लुगडं नीट करत सांगितलं, "पाच महिने झाले, सुखे. आता देलं त तूच जाशीन. मी नाही देत."

शेवटची वाटही बंद झाली. मग दडवण्याशिवाय काय उरलं होतं? रोज पहाटे ती पोटावर जुन्या धोतराचा पट्टा आवळून बांधी आणि वरून लुगडं नेसे. कापसाच्या वेचणीला गेली की जरा बरं वाटे, कारण तिथं प्रत्येकीच्या पोटाशी कापसानं भरलेली ओटी असायची. पण सरीत वाकलं की श्वास अडायचा. घडीघडी लघवीला जावं लागायचं, आणि मुकादमाच्या नजरेपायी ते दाबून धरावं लागायचं. संध्याकाळी पाय इतके सुजत की बोट दाबलं तर खळगा तसाच राही. पट्ट्यानं कातडी सोलवटली होती, तिथं घाम झोंबायचा.

घरी आलं की नलूचं दुखणं वाट पाहत असे. तिची कंबर शेक, तिच्या पायांना तेल लाव, तिच्या जळजळीसाठी शेजारून ताक मागून आण. ताकाचा पेला लेकीच्या हाती देताना सुखीबाईची जीभ ओली व्हायची. एकदाही तिनं त्यातला घोट घेतला नाही. आठव्यात असं होतंच, घाबरू नको, म्हणून ती नलूला समजावी. तिला स्वतःला समजावणारं कुणी नव्हतं.

एके दिवशी ती न्हाणीत पट्टा सोडून बसली असताना नलूनं तट्ट्यामागून डोकावलं. मायचं मोकळं पोट तिला दिसलं. नलूचं तोंड आधी पांढरं पडलं, मग लाल झालं. सासरी तिचं हसं होईल, नवरा काय म्हणेल, सासू काय म्हणेल, असं ती रडत रडत बोलत राहिली. शेवटी म्हणाली, "ओटी भराले सासू येईन, त तू समोर येऊ नको, माय."

"नाही येत," सुखीबाई म्हणाली आणि तांब्यातलं उरलेलं पाणी अंगावर ओतून घेतलं.

ओटीभरणाच्या दिवशी ती अंधार असतानाच उठली. अंगण सारवलं, नाल्यावरून बारा घागरी पाणी आणलं, पुरणाचा हंडा उतरवला. नलूची सासू हंसाबाई उमरखेडकडच्या गावाहून बैलांच्या दमणीत बसून आली, तेव्हा सुखीबाई आतल्या सरपणाच्या खोलीत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं. नलूच्या मायले ताप भरला, असं डोमाजीनं पाहुण्यांना सांगितलं.

दुपारी तिच्या कमरेतून कळ निघाली. तिला वाटलं, घागरींची असेल. दुसरी कळ पोटात आली, आणि तिसरीला तिला सगळं कळून चुकलं. भिंतीपलीकडे बायका बसल्या होत्या. डोमाजीचा आवाज त्रिशरण सांगत होता, बायका त्याच्यामागून म्हणत होत्या. मग नलूच्या ओटीत नारळ पडला, कुणीतरी गाणं धरलं. सुखीबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि भिंतीला पाठ लावून, पाय सरपणाच्या मोळीला रेटून धरले. एक हाक मारली असती तर मोतीबाई त्याच बायकांत, दहा पावलांवर होती. ती हाक तिनं मारली नाही.

मुलगी झाली. वीतभर. तिनं एकदा हाताची बोटं उघडली, मिटली. रडली नाही. सुखीबाईनं तिला छातीशी धरून पाठ चोळली, तोंडात फुंकर घातली, पुन्हा चोळली. बाहेर जेवणाच्या पंगती उठेपर्यंत ती चोळतच होती.

निघायची वेळ झाली तरी हंसाबाईचा पाय निघेना. आजारी विहिणीला न भेटता कसं जायचं? ताप आहे, झोप लागली आहे, असं डोमाजी सांगत राहिला. पण ती बाई त्याला ओलांडून आली आणि तिनं दार ढकललं.

घडीभर ती चौकटीतच उभी राहिली. मग आत आली, दार मागे लोटलं आणि सुखीबाईजवळ खाली बसली.

"इहीणबाई, हाक काहून नाही मारली?"

"तुमच्या सुनीचं कार्य मोडलं असतं," सुखीबाई म्हणाली. तिचे दात वाजत होते.

हंसाबाईनं दाराशी जाऊन हलक्या आवाजात मोतीबाईला बोलावलं, पाणी तापवायला सांगितलं. मोतीबाई मागे राहिलेली वार पाडेपर्यंत तिनं सुखीबाईचं डोकं आपल्या मांडीवर धरून ठेवलं. पोट सोलवटून काढणारा तो पट्टा तिनंच सोडवला. मग काखेतलं मानाचं लुगडं काढलं. घडीही मोडली नव्हती, तिलाच द्यायला म्हणून डोमाजीनं ढाणकीच्या बाजारातून आणलेलं. तिनं ते जमिनीवर पसरलं.

"नवं हाय ते," सुखीबाई पुटपुटली.

"लेक हाय तुमची. जुन्यात कायले गुंडाळू?"

दारात नलू उभी होती. हिरव्या लुगड्यात, गळ्यात हार, ओटीचं ओझं दोन्ही हातांनी सावरलेलं. तिला आत येववेना आणि जाववेना. सासू तिला एवढंच म्हणाली, "ते खाली ठेव अन् मायजवळ बस." नलू बसली. मायच्या सुजलेल्या पायावर तिनं कपाळ टेकलं.

बाळाचं गाठोडं डोमाजीनं घेतलं. ते घेताना, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, त्यानं बायकोच्या तोंडाकडे पाहिलं. मग तो कुदळ घेऊन नाल्याच्या दिशेनं चालू लागला.

अंगणात हंसाबाईचा गाडीवान खोळंबला होता. दिवस बुडायच्या आत नाला उतरायला हवा, असं तो तिसऱ्यांदा ओरडून सांगत होता. हंसाबाई उंबऱ्यापर्यंत गेली.

"बैल सोड, नागोराव," ती म्हणाली. "चार रोज मी इथंच हावो. उद्या घरी सांगजो, इहीण बाळंत झाली."

बाहेर जमलेल्या बायकांनी ते ऐकलं. आत सुखीबाईनं जू खाली टेकल्याचा आवाज ऐकला, बैलांपुढे कडबा पडल्याचा ऐकला. मग तिनं तोंडावरचा ओला पदर बाजूला केला आणि मोठ्यानं रडायला सुरुवात केली.