दीपगृहावरचा तारा

साल १९८३, डिसेंबरचा दुसरा आठवडा. ओसाकाच्या पूर्वेकडे, छोट्या कारखान्यांच्या वस्तीत आसानागी नावाची व्हिडिओ गेम बनवणारी कंपनी होती. तिच्या वरच्या मजल्यावर हामाशिमा मालक ओरडत होते आणि खाली तपासणीच्या बाकावर बसलेल्या तोकिएचा हात आयुष्यात पहिल्यांदा चुकला. पडद्यावरची होडी खडकावर आपटून फुटली.

"तीन वर्षं माझ्या भांड्यातला भात खाल्लास!" मालकांचा आवाज जिन्यावरून खाली येत होता. "आणि खेळ विकलास त्या लोकांना?"

"मी खेळाचा एकही बोर्ड बाहेर नेला नाही, मालक."

"मग त्या कॅफेत खेळ काय पाय फुटून गेला? तुला तिथे बसलेलं लोकांनी पाहिलंय!"

"कॉफी प्यायला जातो मी. बघायला गेलो होतो, खरंच आपला खेळ आहे का ते."

"उद्यापासून येऊ नकोस."

थोड्या वेळाने मुरोता खाली आला. सव्वीस वर्षांचा, काटकुळा, केस कायम डोळ्यांवर. त्याने खुंटीवरचा कोट काढला, आपला चहाचा कप कागदात गुंडाळला.

"येतो, काकू."

"येतो काय? अजून जेवणाची सुट्टीसुद्धा झाली नाही."

"मला कायमची झाली," तो म्हणाला आणि हसायचा प्रयत्न करत निघून गेला.

बाकावरच्या बाया मान खाली घालून बोर्डांवर कथलाचे डाग देत राहिल्या. सगळ्यांना ठाऊक होतं, या धंद्यात कंपनीचा खेळ चोरून विकणारा म्हणून एकदा नाव झालं, की ओसाकापासून तोक्योपर्यंत झाडू मारायलासुद्धा कुणी उभं करत नाही. आणि हे पोर तर खेळ बनवण्याखेरीज दुसरं काही जाणत नव्हतं.

तोकिए तेव्हा एकावन्न वर्षांची होती. एकोणीस वर्षं तिने किशिवादाच्या गिरणीत कापड तपासलं होतं. उजेडाच्या टेबलावरून कापड सरकत जायचं आणि तुटलेला एक धागा दिसला की तिचा हात आपोआप वर जायचा. गिरणी बंद पडली, तशी ती इथे आली. काम तेच, कापड बदललं. तयार झालेला प्रत्येक बोर्ड पडद्याला जोडायचा, मोजून तीन मिनिटं खेळायचं, आणि 'पास' किंवा 'नापास'चा शिक्का मारायचा. सहा वर्षांत हजारो बोर्ड तिच्या हाताखालून गेले होते. खेळ म्हणून ती कधीच खेळली नव्हती. चौथं मिनिट तिने पाहिलंच नव्हतं.

मुरोताच्या नव्या खेळाचं नाव होतं 'चांदण्यांची होडी'. समुद्रात पडलेले तारे एका लहानशा होडीने वेचायचे आणि परत आकाशात पोचवायचे. खेळ जानेवारीत बाजारात यायचा होता. ऑक्टोबरमध्ये नमुन्याचे सहा बोर्ड तयार झाले आणि तोकिएने सहाच्या सहा नापास केले. मुरोता धावत आला होता.

"काय झालं, काकू?"

"आकाशाला भोकं आहेत. प्रत्येकात एक तारा कमी. ह्यात होडीच्या शिडावरचा नाही, ह्यात दीपगृहावरचा."

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, "दोनशे अकरा तारे आहेत तिथे. तुम्हाला दिसलं कसं? मुद्दाम केलंय. प्रत्येक बोर्डात वेगळा तारा काढलाय. नमुना कुणी चोरून उतरवला, तर तो कुठून गेला ते कळेल. कुणाला सांगू नका हं."

तिने सांगितलं नाही. सहा खोक्यांवर नावांच्या चिठ्ठ्या मात्र तिनेच चिकटवल्या होत्या. कोबे, नागोया, हिरोशिमा, फुकुओका, विक्रीचे साहेब, आणि सहावं खोकं मालकांच्या घरी.

बाराची घंटा झाली. तोकिएने जेवणाचा डबा तसाच ठेवला आणि अंगावरच्या निळ्या डगल्यानिशी कॅफेकडे निघाली.

स्टेशनाजवळच्या बाजारात किनुयो नावाच्या बाईचा तो कॅफे. काचेची पाच टेबलं, आणि प्रत्येक टेबलाच्या पोटात एकेक खेळ. वस्तीतल्या कुठल्याही कॅफेत टेबलं ठेवायची तर इवाकुरांच्या मंडळींना विचारल्याशिवाय ठेवता येत नसत. ही कसली मंडळी ते कुणी मोठ्याने बोलत नसे. दर डिसेंबरात त्यांची माणसं नव्या वर्षासाठी दारावर बांधायचा गवताचा शुभदोर घेऊन येत. कारखानदार निमूटपणे तो बांधत, आणि वर्षभर काचा शाबूत राहत.

"तोकिए-सान? तुम्ही?" किनुयो म्हणाली. "इथे आणि भर दुपारी?"

"कॉफी दे. आणि ते कोपऱ्यातलं टेबल."

किनुयोने कोपऱ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. शेजारच्याच टेबलावर करड्या कोटातला एक म्हातारा वर्तमानपत्र वाचत होता. स्वतः इवाकुरा.

तोकिएने पाहून न पाहिल्यासारखं केलं. बटव्यातून शंभर येनचं नाणं काढलं. खेळात स्वतःचं नाणं टाकायची तिची ही पहिलीच वेळ. ती खाली वाकली. पहिलं आकाश उजळलं. डावीकडून उजवीकडे, वरून खाली, कापड बघावं तशी तिची नजर फिरली आणि दीपगृहावर थांबली.

तारा नव्हता.

चोरांनी सगळं अगदी हुबेहूब उतरवलं होतं. नसलेला तारासुद्धा.

सहावं खोकं. दीपगृहावरचा तारा नसलेला बोर्ड त्यातच गेला होता, मालकांच्या घरी. एकावन्नाव्या वर्षी दुसरी नोकरी कोण देणार होतं? उठावं, कॉफी प्यावी, परत जावं. पण होडी निघाली होती आणि हात सवयीने चालत होते. तीन मिनिटं झाली. आजवर या क्षणाला ती नेहमी वीज बंद करायची. आज तिने केली नाही.

चौथ्या मिनिटाला समुद्र बदलला. पाण्याखालून माशांचा थवा उजळत गेला, हजार दिवे पेटावेत तसा. पाचव्या आकाशातून बर्फ पडत होतं, आणि बर्फाचा कण पाण्याला टेकला की नुसता एक सूर उमटे. कंपनीच्या एका खोलीत, पावाच्या तुकड्यांवर दिवस काढून, ह्या पोराने हे केलं होतं? तिच्या हाताखालून इतके दिवस हे जात होतं, आणि ती पहिला दरवाजा बघून परत फिरत होती?

"तिथे उजवीकडे वळा, उजवीकडे!" शेजारून आवाज आला. इवाकुरा वर्तमानपत्र टाकून उभा होता. "त्या भोवऱ्यात मी रोज बुडतो."

"मग आवाज करू नका," तोकिए म्हणाली.

किनुयोच्या हातातली बशी खणखणली. त्या माणसाला असं कुणी बोललेलं तिने कधी ऐकलं नव्हतं. पण म्हातारा खरोखर गप्प झाला आणि समोरच्या खुर्चीवर येऊन बसला.

बाराव्या आकाशाशी पहाट झाली. वेचलेले सगळे तारे एकेक करून विझले आणि किनाऱ्यावर एक बाई कंदील घेऊन उभी दिसली. होडी तिच्याकडे गेली. बस, एवढंच. म्हाताऱ्याने रुमाल काढून नाक शिंकरलं.

"माझी आई अशी उभी राहायची," तो म्हणाला. "आम्ही कोळी. कुणी बनवलाय हा?"

"ज्याला आज सकाळी चोर म्हणून हाकलला, त्याने."

इवाकुराचा चेहरा दगडासारखा झाला. "बोर्ड कुणाकडून आला ते विचारू नका, बाई. आमच्यात नाव घेत नाहीत."

"मी विचारलंच नाही. मला माहीत आहे. आकाशात दिसतंय." तिने काचेवर बोट ठेवलं. "इथे एक तारा कमी आहे. असा बोर्ड जगात एकच होता, आणि तो कुणाच्या घरी गेला ते मीच चिठ्ठीवर लिहिलं होतं. मला फक्त तो मुलगा परत हवाय."

म्हाताऱ्याने काचेवरच्या त्या बोटाकडे पाहिलं. "माझ्यासमोर हे बोलायला भीती नाही वाटली?"

"वाटतेय की. पाय बघा कसे लटपटताहेत."

तो मोठ्याने हसला. पडद्यावर आता सगळ्यांत जास्त गुणांच्या यादीत तीन अक्षरं भरायची जागा लुकलुकत होती. "नाव घाला तुमचं," तो म्हणाला. तिने हळूहळू घातलं. तो. कि. ए.

दुसऱ्या दिवशी सकाळी इवाकुरांचा माणूस कंपनीत शुभदोर घेऊन आला. सोबत कापडात बांधलेलं एक बोचकं होतं. "आमच्या इवाकुरा अण्णांनी तोकिए-सानांना तपासायला दिलंय," असं सगळ्यांसमोर म्हणून तो वाकला आणि गेला.

हामाशिमा मालक जिन्यात उभे होते. तोकिएने बोचकं सोडलं. आत टेबलातली नक्कल नव्हती, मूळ नमुन्याचा बोर्ड होता. तिने तो पडद्याला जोडला. आकाश उजळलं. बाया डागण्या खाली ठेवून बघू लागल्या.

"नापास," तोकिए म्हणाली. "दीपगृहावरचा तारा नाही, मालक. सहा नमुन्यांत सहा वेगळे तारे गाळलेत. हा सहाव्या खोक्यातला आहे."

सहावं खोकं कुणाचं ते तिने सांगितलं नाही. मालकांचा हात कठड्यावर घट्ट झाला.

"मुरोताला बोलावून घ्या," ते शेवटी म्हणाले. "माझी चूक झाली."

संध्याकाळी सगळ्या गेल्यावर ते तिच्या बाकापाशी आले. "काकू, इवाकुरांच्या माणसांना बोर्ड द्यायला नाही म्हटलं असतं तर एकाही कॅफेत आपलं टेबल राहिलं नसतं. चाळीस माणसं आहेत इथे."

"ते मला कळतं," तोकिए म्हणाली. "पण एकेचाळिसावा तो होता."

मालकांनी तिला कामावरून काढलं नाही. तिच्याशी पुन्हा नजर मात्र कधी मिळवली नाही.

कंपनी १९८७ साली बंद झाली. हामाशिमांचे त्या मंडळींशी संबंध असल्याचा संशय एका वर्तमानपत्राने छापला, पोलीस चौकशीला आले, सिद्ध काहीच झालं नाही. ते वाकायामाला भावाच्या संत्र्यांच्या बागेत गेले आणि तिथेच वारले. मुरोता एका मोठ्या कंपनीत गेला, पुढे नावाजला. त्याच्या प्रत्येक खेळात कुठेतरी दीपगृह असतं आणि वरचा एक तारा नसतो. चूक आहे म्हणून मुलं कंपनीला पत्रं लिहीत. ती कधी दुरुस्त झाली नाही. इवाकुरा १९९१ साली दवाखान्यात वारला. तोकिए खेळली त्याच दिवशी त्याने किनुयोला सांगून ठेवलं होतं, की त्या कोपऱ्यातल्या टेबलाची वीज बंद करायची नाही, कारण वीज गेली की नाव जातं.

किनुयोने ती अकरा वर्षं बंद केली नाही. जानेवारी १९९५ मधल्या एका पहाटे धरणी हलली, आणि वीज गेली.

आठवड्याने तोकिए, आता बासष्ट वर्षांची, काठी टेकत आली. कॅफेत फुटक्या कपांचा ढीग होता. टेबल धड होतं, वीजही परत आली होती. यादीत कंपनीने आधीच भरलेली परकी नावं होती.

"गेलं हो," किनुयो रडवेली झाली. "मी अण्णांना शब्द दिला होता."

"बंद कर बरं तो पडदा," तोकिए म्हणाली.

पडदा काळा झाला. तोकिए खिडकीकडे पाठ करून वाकली आणि काचेवरून तिरकी नजर फिरवू लागली, डावीकडून उजवीकडे, वरून खाली. मग थांबली. तिने किनुयोचा हात धरून तिला जवळ ओढलं. अकरा वर्षं एकाच जागी उजळून काचेच्या आतल्या बाजूला तीन फिकट अक्षरं कायमची जळून बसली होती.

तोकिएने रुमालाने त्यावरची धूळ पुसली.

"पास," ती म्हणाली, आणि कॉफी मागवली.