डेव्हनहून आलेले फोटो

रेखाताई सिडनीतल्या केलीव्हिलला धाकट्या मुलाकडे तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. विमानं बंद झाली आणि त्याला सव्वा वर्ष उलटलं. २०२१च्या जुलैत सिडनीत पुन्हा लॉकडाऊन लागला, घरापासून दहा किलोमीटरच्या पुढे जायची सोय राहिली नाही. थोरला संजीव इंग्लंडमध्ये, डेव्हन काउंटीत होता. तिकडे सगळं उघडलं होतं. त्याची बायको नीला दर वीकेंडला फोटो पाठवायची. कधी किल्ला, कधी वाफेच्या इंजिनाची गाडी, कधी समुद्रावर आईस्क्रीम खाणारी सहा वर्षांची स्पृहा.

पण संजीवचा फोन येईना. धाकटा हृषीकेश म्हणायचा, दादाला काम खूप आहे, वेळ जुळत नाही. वेळ तर आधीही जुळत नव्हती, तरी तो रविवारी न चुकता फोन करायचा. शिवाय हृषीकेश हल्ली फोन आला की बॅकयार्डमध्ये जायचा, आणि रेखाताई आत आल्या की बायकोशी इंग्लिशमध्ये बोलायला लागायचा. संजीवचं आणि नीलाचं बिनसलं असणार, अशी त्यांची जवळजवळ खात्री झाली.

मग एका सोमवारी किल्ल्याच्या दारातला स्पृहाचा फोटो आला. रेखाताईंनी तो बोटांनी मोठा करून पाहिला. पोरगी पुढचे सगळे दात दाखवत हसत होती. जूनमधल्या व्हिडिओ कॉलवर तिने पुढचे दोन्ही दात पडल्याचं मोठ्या कौतुकाने दाखवलं होतं.

हृषीकेशची मीटिंग संपेपर्यंत त्या थांबल्या. मग फोन त्याच्यापुढे ठेवला.

"हा कधीचा आहे?"

"कालचा."

"दात बघ तिचे."

त्याने लॅपटॉप मिटला. "दादा पाच आठवडे हॉस्पिटलमध्ये आहे, आई. कोविड. परवा व्हेंटिलेटर काढला." फोटो गेल्या वर्षीचे होते. तुझं बीपी वाढेल म्हणून तुला सांगायचं नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवलं, असंही त्याने खालमानेने सांगितलं.

रेखाताईंना इतका राग आला की रडू आलंच नाही. "तुझं नंतर बघते. नीलाला लाव."

संध्याकाळचे पाच वाजले होते, तिकडे सकाळचे आठ. नीलाने केससुद्धा विंचरले नव्हते. हॉस्पिटलमध्ये भेटायला सोडत नव्हते, घरात ती आणि स्पृहा दोघीच. माफी मागून झाल्यावर ती म्हणाली, "फोटो निवडायला बसले ना, की तेवढा वेळ मलाही बरं वाटायचं, आई."

दुसऱ्या दिवसापासून रोज पाचला रेखाताई स्पृहाला व्हिडिओवर घेऊन बसू लागल्या, म्हणजे नीलाला आंघोळ करता येई, वॉर्डला फोन लावता येई.

सप्टेंबरात संजीव घरी आला. व्हिडिओवर बोलताना दोन वाक्यांत त्याला धाप लागत होती. मी ठीक आहे, असं तो म्हणाला, पण रेखाताईंचा विश्वास बसला नाही. त्यांनी त्याला फोन फिरवायला लावून खोली, औषधं, सुजलेले पाय, सगळं पाहून घेतलं.

मग म्हणाल्या, "आता बोलू नकोस. नुसता बस माझ्यासमोर."