चाफ्याच्या पुडीत गेलेली नोटीस

मित्रांनो, मी एक जुनी, गुलाबी नोटीस आहे. मला पाहून भलेभले घाबरतात. पण खरे सांगते, माझ्याइतके भित्रे कोणी नसेल. मला पाण्याची भीती वाटते, वाऱ्याची वाटते, आणि बकरीची तर विचारूच नका!

छापखान्यातून निघाले तेव्हा मी एकटी नव्हते. वहीत माझ्या खाली माझी जुळी पांढरी बहीण होती आणि मधे कार्बन. माझ्यावर लिहिलेले तिच्यावरही उमटणार, अशी आमची जोडी.

एका सकाळी पालिकेचे साहेब वही घेऊन नालासोपाऱ्याच्या बाजारात आले. निर्मळच्या वाडीतल्या वसुंधराबाई तिथे सोनचाफा विकत बसल्या होत्या. केळीच्या पानांचे तुकडे आजूबाजूला पडले होते.

"साहेब, उठताना रोज झाडून नेते हो मी!"

"रस्त्यावर कचरा दिसला की नोटीस. सात दिवसांत ऑफिसला येऊन जा."

टर्रकन मला फाडले. बहीण वहीतच राहिली.

फुलांवर पाणी शिंपडून वसुंधराबाईंचे हात ओले होते. मी भिजू नये म्हणून त्यांनी मला केळीच्या पानात गुंडाळले, वर केळीच्या वाळक्या सोपटाचा दोरा बांधला आणि टोपलीच्या कडेला ठेवले. चाळीस वर्षे त्या चाफ्याच्या पुड्या अशाच बांधत होत्या. मग व्हायचे तेच झाले. गर्दीत त्यांनी एका गिऱ्हाइकाला पुडी दिली, ती नेमकी माझीच! पानाच्या आत काळोख होता. मी ओरडले असते, पण कागदाला तोंड कुठे?

गिऱ्हाईक म्हणजे जवळच राहणाऱ्या स्वप्नाताई. त्यांनी देवापुढे पुडी सोडली आणि दचकल्याच.

"अहो, आपल्याला कसली नोटीस आली?" मग त्यांनी नाव वाचले. "अगंबाई, ही तर फुलवाल्या मावशींची!"

दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन बाजारात आल्या, तर वसुंधराबाई नव्हत्या. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या दिवशीही नव्हत्या. त्यांच्या जागेवर एक टोपली पालथी घातलेली होती. माझ्यावरची तारीख जवळ येत होती आणि पर्समध्ये माझा जीव टांगणीला लागला होता.

तिकडे काय चालले होते ते मला नंतर कळले. नोटीस हरवल्याचे ऐकून नारळवाला श्रीपत म्हणाला होता, "मग जागा गेली समजा. आता पोलीस घरी येणार." ती जागा वसुंधराबाईंच्या सासूने धरलेली होती आणि घर त्या जागेवरच चालत होते. त्या घाबरून घरी गेल्या, त्या बाहेरच पडल्या नाहीत. फोनही बंद करून ठेवला. गल्लीत मोटरसायकल वाजली की विहिरीमागे जाऊन उभ्या राहायच्या.

सहाव्या दिवशी स्वप्नाताईंनी त्या जागेशेजारच्या भाजीवाल्या हेलनला मला दाखवले. हेलनने कपाळावर हात मारला.

"आणि मला वाटलं, ही तापाने पडली! म्हणून तर जागेवर माझी टोपली घातली, दुसरा कोण बसायला नको."

भाजी तशीच झाकून ती मला घेऊन निर्मळला गेली.

"वसूबाय, दार उघड! मी हेलन आहे, पोलीस नाय!"

दार बोटभर उघडले.

सातव्या दिवशी आम्ही तिघी ऑफिसात गेलो. वसुंधराबाईंनी मला टेबलावर पुढे सरकवले. कारकुनाने मला हातसुद्धा लावला नाही. त्याने वही उघडली, आणि मित्रांनो, वहीत माझी बहीण होती! तेच नाव, तोच नंबर.

"नोटीस नसती तरी चाललं असतं, मावशी. नुसतं येऊन सांगायचं होतं. पहिलीच वेळ आहे, समज देऊन सोडतो. यापुढे कचऱ्याला पोतं ठेवा."

वसुंधराबाई बाकावर मटकन बसल्या. "मग मी इतके दिवस लपले कशाला गं?" त्यांनी विचारले.

आता मी त्यांच्या चष्म्याच्या घरात राहते. टोपलीशेजारी पोते असते. मित्रांनो, रस्त्यावर कचरा टाकू नका आणि मला जपून ठेवा. पण मी हरवलेच, तर दार लावून बसू नका. जाऊन सांगा, वहीत माझी बहीण असते. वसुंधराबाईंची जागा हेलनने राखली. त्या दिवसांचा चाफा मात्र झाडाखालीच काळा पडला.