बोटभर पाणी

मी एक जुनी वाटी आहे. पण मित्रांनो, माझ्यात कुणी कधी काही वाढलेले नाही, आणि मला कुणी तोंडही लावलेले नाही. माझी जागा स्वयंपाकघरात नाही. मी राहते बाहेरच्या दाराशी, चौकटीला लागून, आतल्या भिंतीवर. पाठ सपाट, पाठीवर छोटासा क्रूस, क्रुसाच्या वर खिळ्यापुरते भोक, आणि खाली पुढे आलेले माझे तोंड. त्यात पवित्र पाणी असते. घराबाहेर पडणारा त्यात बोट बुडवतो, कपाळ, छाती, दोन्ही खांदे अशी क्रुसाची खूण करतो आणि आपल्या वाटेला लागतो. घरी येणाराही तेच करतो. एवढेच माझे काम.

माझा जन्म उरलेल्या मातीचा. एका कुंभाराने दिवसभर मोठमोठे रांजण घडवले आणि चाकापाशी मूठभर गोळा उरला. टाकवेना, म्हणून त्याने मला थापले. क्रूस त्याच्या बायकोने काडीने रेखला. तिच्या कडेवर मूल होते, म्हणून तो जरा डावीकडे कलला. भट्टीत वाटले, संपलो आपण. बाहेर आले तेव्हा टिचकी मारली की खणखणीत वाजत होते.

मला या घरात आणले ते एका नव्या नवरीने. तिचा नवरा फरशी बसवणारा मिस्त्री. माझा खिळा ठोकायला त्याने ओळंबा लावला, जसा काही मोठ्या इमारतीचा खांबच उभा करायचा होता. क्रूस कललेला तो कललेलाच राहिला, खिळा मात्र अगदी सरळ.

पाणी चर्चमधून यायचे. दर रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपली की चर्चच्या दारातल्या मोठ्या हंड्यातून बाटली भरून आणायची. तिथले फादर पाण्यावर प्रार्थना म्हणताना त्यात आशीर्वादाचे मीठ टाकत. जुनी रीत. आणि फादरांचा हात मिठाला जरा सैलच होता. पाणी आटले की माझ्या काठावर पांढरी रेघ उरे. मला ती दागिन्यासारखी वाटायची. नवरी पाणी ओतताना गुणगुणायची:

दारातली वाटी माझी, पाणी बोटभर,
जाणाऱ्याची वाट राखी, येणाऱ्याचं घर.

नवरीची आई झाली, आईची आजी झाली. मिस्त्रीचे आजोबा झाले. त्यांचा मुलगा रंगारी निघाला, घरे रंगवायचा. त्याने आमची भिंत इतक्या वेळा रंगवली, की माझ्या पाठीच्या कडेला सगळ्या रंगांचे थर आहेत. मला खाली काढून रंगवावे, एवढा धीर त्याला कधीच नव्हता. त्याचे बोट पाण्यात पडले की पाणी कधी निळे व्हायचे, कधी पिवळे. आजी म्हणायची, देवाला आता कळत असेल आज कुणाचं घर रंगतंय ते.

माणसे मला चेहऱ्याने नव्हे, बोटांनी ठाऊक आहेत. आजीचे पिठाचे बोट. आजोबांचे सिमेंटने खरखरीत झालेले. थोरला नातू खेळायला निघाला की बोटाऐवजी सगळा पंजाच घालायचा, मग ओरडा बसायचा, अरे ती आंघोळीची बादली आहे का. रंगारी कामावर निघताना एक थेंब बायकोच्या मानेवर उडवायचा, आणि ती हातातले फडके त्याच्यावर फेकायची. हेही प्रार्थनेतच धरायचे का, मला ठाऊक नाही. मी धरत होते.

आणि मुलांची गंमत सांगते. माझा खिळा उंचावर. लहान असताना त्यांना कुणीतरी उचलून घ्यावे लागे. ज्या दिवशी मूल चवड्यांवर उभे राहून आपल्याच बोटाने पाण्याला पोचे, त्या दिवशी घरात आनंदीआनंद व्हायचा. थोरला पोचला तेव्हा आजोबांनी त्याला खांद्यावर घेऊन गल्लीभर फिरवले होते. धाकटी, जिला सगळे चिमणी म्हणतात, ती अजून पोचायची होती.

मग आजी गेली. मला भरायचे काम कुणी वाटून दिले नाही, ते आपोआप सूनबाईच्या हाती आले. घरातली बरीच कामे अशीच येतात.

सूनबाई बेकरीत कामाला. पहाटेच्या अंधारात जायची, कणीक मळायची, भट्टीपुढे उभी राहायची. रविवारी तर पाव सर्वांत जास्त खपतो. तिला मिस्सा मिळायची ती धावतपळत, संध्याकाळची. त्यातच आजोबांना अर्धांगाचा झटका आला. त्यांची खाट बाहेरच्या खोलीत, माझ्यासमोर आली. भरवणे, पुसणे, कूस बदलणे, सगळे सूनबाईकडे. रंगारी शिडीवरून उतरला की हातभार लावायचा, पण दिवस मोठा आणि माणूस एक.

एका सकाळी थोरल्याची परीक्षा होती, म्हणून सूनबाई बेकरीत उशिरा जाणार होती. तो दारात आला, बोट घातले आणि म्हणाला, "आई, वाटी कोरडी आहे."

आत दूध उतू जात होते. आजोबा हाक मारत होते. बाटलीत थेंब नव्हता. सूनबाई स्वयंपाकघरातून तांब्या घेऊन आली, नळाचे पाणी माझ्यात ओतले आणि म्हणाली, "हं, घे आता." थोरला खूण करून पळाला. ती मात्र क्षणभर तांब्या धरून उभी राहिली. रविवारी आणू, असे मनाशी म्हणाली असावी.

रविवारी बेकरीत दोन माणसे आली नाहीत, आणि तिची मिस्साच चुकली. आदल्या रात्री रंगाऱ्याने विचारले होते, सकाळी मुलांना घेऊन चर्चला जाईन तेव्हा बाटली नेऊ का. ती म्हणाली होती, नको, आहे अजून. नळाचे पाणी भरले हे सांगायची लाज वाटली तिला. मित्रांनो, मातीला तोंड असते पण जीभ नसते.

आणि त्याच आठवड्यात, भर दुपारी, आजोबांचा श्वास अडकला. घरात ती एकटी. शेजारची बाई डॉक्टरांना आणायला धावली. आजोबांच्या डोळ्यांत भीती मावत नव्हती. त्यांनी चांगला हात उचलून माझ्याकडे बोट केले.

सूनबाई माझ्यापाशी आली. माझ्या पाण्याकडे पाहून तिचे पाऊल अडले. मग तिने बोट बुडवले आणि आजोबांच्या कपाळावर क्रूस काढला. पाणी जास्त झाले होते, ओघळ नाकावरून ओठांवर आला. तिने हात कपाळावरच ठेवला आणि डॉक्टर येईपर्यंत प्रार्थना पुटपुटत राहिली. हळूहळू श्वास सुटला. आजोबा वाचले.

पुढच्या रविवारी तिने बाटली भरून आणली, मला रिकामे केले, घासले, नवे पाणी घातले. कुणालाही वाटेल, संपले. पण संपले नव्हते. कारण आजोबा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागले. जड जिभेने, थांबत थांबत, पण कौतुकाने. मी निघालो होतो, माझ्या सुनेनं कपाळाला पाणी लावलं आणि मी मागे फिरलो. शेजारची बाई डोळे पुसायची. रंगारी अभिमानाने बायकोकडे बघायचा. आणि सूनबाई आत निघून जायची, भांडी नसली तरी भांडी घासायची.

एक गोष्ट मला तेव्हा कळली नव्हती. थोरला जवळून गेला की आजोबा त्याला टोमणा मारायचे, काय रे, नळ चालू आहे ना. थोरला जाऊन नळ बघून यायचा. बंद असायचा.

सूनबाई माझ्यात बोट बुडवेनाशी झाली. येता-जाता मान खाली घालून दारातून निघायची. पाणी वेळेवर भरायची, पण काठावर पांढरी रेघ दिसली की जोर लावून घासून काढायची, जशी ती रेघ तिच्यावर बोट दाखवत होती. मिस्सेलाही आता ती मागच्या बाकावर बसते आणि ख्रिस्तप्रसाद घ्यायला पुढे जात नाही, हे मला रंगाऱ्याच्या बोलण्यातून कळले. फादरांपुढे पाप कबूल केल्याशिवाय तो घ्यायचा नसतो; मग पापनिवेदन करून ये ना, असे तो म्हणाला. ती म्हणाली, जाईन. गेली नाही. एकदा खाटेपाशी उभी राहून, आजोबा झोपलेत असे समजून, ती स्वतःशीच बोलली. ज्यांच्या कपाळावर खोटं बोट ठेवलं, त्यांच्या आधी फादरांना सांगून मोकळी कशी होऊ. आणि यांना सांगितलं, तर ज्यावर हे उठून बसलेत तोच टेकू निघायचा.

अशा कात्रीत ती अडकली होती.

दर महिन्याला फादर आजोबांना प्रसाद द्यायला घरी येत. आत येताना माझ्यात बोट बुडवत. त्या वेळी सूनबाईचा चेहरा पाहवत नसे. पाणी आता खरेच होते, तरी पाहवत नसे.

त्या वर्षी चिमणीचा पहिला ख्रिस्तप्रसाद होता. ती घरभर तयारी करत फिरायची, आजोबांच्या खाटेपाशी उभी राहून हात जोडून, जीभ बाहेर काढून सराव करायची. एका दुपारी ती चर्चमधल्या शिकवणीवरून आली आणि सांगू लागली, की सिस्टर म्हणाल्यात, त्या दिवशी आईबाबांनी दोन बाजूंना उभं राहायचं आणि आमच्याबरोबर प्रसाद घ्यायचा. मग म्हणाली, "आई, तू घेशील ना? नाहीतर माझी एक बाजू रिकामी दिसेल."

सूनबाई तेव्हा खाटेशी बसून आजोबांची नखे कापत होती. तिने चिमणीला शेजारणीकडे कशाला तरी पाठवले. दार लागले. तिने आजोबांचा हात हातातच ठेवला आणि बोलली.

"बाबा, त्या दिवशी तुमच्या कपाळाला लावलं ते पवित्र पाणी नव्हतं. नळाचं होतं. मीच भरलेलं. आणि लावताना मला ठाऊक होतं."

आजोबांनी हात काढून घेतला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"मीठ नव्हतं," ते म्हणाले.

सूनबाईने वर पाहिले.

"ओघळ ओठांवर आला ना. मीठच नव्हतं. मला वाटलं, थोरल्याचे उद्योग. आळसाने नळाखाली धरली असेल वाटी. तुला बिचारीला काय माहीत. कळलं तर जीव तुटेल तुझा, म्हणून मी बोललो नाही."

"मग सगळ्यांना कौतुक कशाला सांगत होतात?"

आजोबांना शब्द जुळवायला वेळ लागला. "मला भीती वाटत होती, पोरी. फार. ओल्या सिमेंटवर फरशी टेकवली की ती धरेपर्यंत वर तळवा दाबून ठेवावा लागतो. घाईने उचलला की हलते. तू हात उचलला नाहीस. ते सांगत होतो."

ती रडू लागली. रडता रडता विचारले, म्हणजे चाललं का ते.

"चाललं नाही. खोटं ते खोटंच. देवाच्या नावाने बोट टेकवलंस ना, मग त्याला सांग जाऊन. मलाही सांगायचंय. पोरावर उगाच आळ घेतला इतके दिवस. माझं बरं आहे, फादर घरी येतात. तुला चालत जावं लागेल." मग ते म्हणाले, "पण आधी उरलेली नखं काप."

रात्री जेवताना तिने सगळ्यांना सांगितले. आजोबांनी थोरल्याची माफी मागितली. थोरला म्हणाला, "तरीच! मला वाटलं, आजोबांना नळाचा छंद लागला." चिमणी हसली, मग सगळेच हसले. फक्त रंगारी हसला नाही. तो जेवता जेवता थांबला होता. इतकी वर्षे रोज दोनदा त्या वाटीत बोट बुडवतोय, तो म्हणाला, पण ती भरतं कोण, हे मी कधी विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सूनबाई बेकरीतून परस्पर चर्चला गेली. पापनिवेदनाच्या खोलीत काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही. ते कुणालाच ठाऊक नसते. ती परत आली तेव्हा हातात भरलेली बाटली होती आणि पाय धुळीने माखले होते. पण माझ्यात बोट तिने त्या दिवशीही बुडवले नाही. माफी मिळाली, तरी लाज घरी पोचायला वेळ लावते.

चिमणीच्या पहिल्या प्रसादाची सकाळ उजाडली. पांढऱ्या फ्रॉकमध्ये ती दाराशी आली. रंगारी उचलायला वाकला, तिने मान हलवली. चवड्यांवर उभी राहिली, हात ताणला, जीभ दातांत धरली. तिचे बोट माझ्या काठावरून घसरले, पुन्हा चढले आणि पाण्याला टेकले. आजोबा खाटेवरून असे ओरडले, की शेजारीण धावत आली.

थोरल्याने बोट बुडवले, रंगाऱ्याने बुडवले. मग सूनबाई उरली. चिमणीने तिचा पदर धरला होता. सूनबाईने हात वर केला, खाली घेतला, पुन्हा वर केला. मग तिचे बोट पाण्यात शिरले. भट्टीचा चटका लागलेले, कणकेचा वास असलेले ते बोट मी किती दिवसांनी ओळखले.

आता माझ्या काठावर पुन्हा पांढरी रेघ आहे. ती कुणी घासत नाही. बाटली रविवारी ज्याला जमेल तो आणतो. एकदा तर रंगाऱ्याने आणली आणि अर्धी माझ्यात, अर्धी भिंतीवर ओतली. सूनबाई अजूनही बोट बुडवण्याआधी क्षणभर थांबते. ते थांबणे जाईल असे मला वाटत नाही. जावे असेही वाटत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात दाराशी, देवापाशी किंवा कुणाच्या मनात अशी एखादी वाटी असेल. ती कोण भरते, ते एकदा विचारा. आणि कधी तुमच्याच हातून ती आटली, तर काहीतरी ओतून वेळ मारून नेऊ नका. थोरल्याने त्या सकाळी म्हटले, तेवढेच घरात मोठ्याने म्हणा: वाटी कोरडी आहे. कुणीतरी बाटली घेऊन निघेल.